शंभर वॅटचा हट्ट

ट्यूब अ‍ॅम्पचा टोन वॅटवर ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे. व्हॉल्व्हवर ताण आला की ध्वनिलहरीची टोके एकदम कापली जात नाहीत, गोलावतात. आवाज जाड, बोलका होतो. १९६६ साली लंडनच्या डेक्का स्टुडिओत एरिक क्लॅप्टनने मार्शल अ‍ॅम्प मोठ्याने वाजवला तो याचसाठी. मग घरात वाजवणाऱ्या पोरांनी कर्ज काढून शंभर वॅट का घ्यावेत? शेजाऱ्यांच्या धाकाने बटण एकच्या पुढे जात नाही आणि व्हॉल्व्ह झोपलेलेच राहतात. पाच वॅटचा अ‍ॅम्पही पन्नास वॅटच्या साधारण निम्म्याइतका मोठा ऐकू येतो. पण दुपारी तासभर तो पूर्ण उघडता तरी येतो. आधी खोलीचे माप बघा, मग अ‍ॅम्प घ्या.