आधी ग्रुप, मग दहा

साताऱ्यातल्या, सांगलीतल्या आईबापांनो, पोरगं आर्चरीच्या सरावावरून आलं की ‘आज किती दहा मारलेस?’ हे विचारणं पहिलं वर्षभर तरी थांबवा.

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. अंतिम लढतीत पंधरा बाणांत 150 पैकी 149. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे 150 पैकी 150 मारून जिंकला. त्याचाही सराव साताऱ्यातच, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ असतं जेमतेम 8 सेंटिमीटरचं. ही नावं ऐकून तुम्ही मुलाला मैदानावर नेताय, जरूर न्या. पण नेम कशानं बसतो ते आधी समजून घ्या.

सहा बाण डावीकडे टार्गेटच्या निळ्या पट्ट्यात एकमेकांना खेटून बसले, तर ते चांगलं लक्षण आहे. धनुष्यावरची नेम धरायची साइट थोडी डावीकडे, बाण गेले त्याच बाजूला सरकवली की अख्खा ग्रुप मध्यात येतो. उलट एक दहा, एक पाच आणि एक बाहेर, असं असेल तर तो दहा लागलेला असतो, मारलेला नसतो. म्हणून प्रशिक्षक नवख्या मुलांना टार्गेटचा कागद न लावता जवळूनच बाण सोडायला लावतात. त्यात तुमची फी वाया जात नाही. उभं राहणं, दोरीचा हात दर वेळी जबड्याखाली त्याच जागी टेकणं, बाण पोचेपर्यंत धनुष्याचा हात न पाडणं, हे तिथंच अंगात मुरतं.

आणि कृपा करून जड धनुष्य घेऊन देऊ नका. ओढ पेलली नाही की खांदा वर चढतो, हात थरथरतो, आणि ती खोड मोडायला फार वेळ लागतो. कर्ज काढून महागडं कंपाउंड तर नकोच. वाढत्या मुलाच्या हाताची लांबी बदलत राहते. सुरुवातीला हलकं, लाकडी पुरे.

धनुष्य घरी आणलंत तर बाण न लावता दोरी ताणून सोडू देऊ नका. धनुष्य तडकतं, इजा होते. गंमत म्हणूनही ते कुणावर रोखायचं नाही. मैदानावर तीन शिट्ट्या झाल्याशिवाय बाण काढायला कुणीही पुढं जायचं नाही, फोटो काढणाऱ्या पालकांनीसुद्धा.