रेंजचं राहू द्या, सर्व्हिसचं बोला!

पुण्यात 'गाडी' म्हणजे दुचाकी. चार चाकं असली की ती 'कार'. त्यामुळे 'गाडी बदलतेय, इलेक्ट्रिक घेऊ का?' हा प्रश्न आपल्याकडे एखाद्या स्थळाइतका सीरियसली घेतला जातो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नुसता विचारून बघा. एक जण म्हणेल, 'घेऊन टाक बिनधास्त, मी दोन वर्षांत पेट्रोल पंपाचं तोंड बघितलेलं नाही.' दुसरा म्हणेल, 'वेडी आहेस का? पेटतात त्या!' आणि तिसऱ्याच्या आत्याच्या शेजाऱ्याची गाडी बायपासवर बंद पडलेली असते. ती नेहमीच पडलेली असते!

घर कोथरूडला आणि ऑफिस डेक्कनला असेल तर हा कॉलम तुम्ही इथेच सोडला तरी चालेल. रोजच्या दहा-बारा किलोमीटरला कुठल्याही धड कंपनीची ई-स्कूटर पुरते. रंग आवडला, घेतली, विषय संपला. खरा प्रश्न आहे तो रोज पन्नास किलोमीटर तुडवणाऱ्यांचा. माझी एक मैत्रीण आंबेगावातून हिंजवडी फेज थ्रीला जाते. जाताना पंचवीस, येताना पंचवीस. शिफ्ट सुटते रात्री अकराला. तिच्या दृष्टीनं 'रिलायबल' हा ब्रोशरमधला गुळगुळीत शब्द नाही. रात्री साडेअकराला वारज्याच्या पुढे, ट्रक अंगावरून जात असताना, गाडी बंद पडणार नाही... एवढाच त्याचा अर्थ. तिच्या बाबांचं मत अर्थातच अॅक्टिव्हाला आहे. बाबा लोकांचं असतंच.

आधी हिशोब, कारण मोह तिथूनच सुरू होतो. महिन्याचे बावीस दिवस धरले तर अकराशे किलोमीटर झाले. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते असं समजा, म्हणजे साधारण साडेचोवीस लिटर. शंभरीपार भावात हा आकडा अडीच हजारांवर जातो. ई-स्कूटर अशा रस्त्यावर किलोमीटरला तीस ते पस्तीस वॉट-अवर वीज खाते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरली तरी महिन्याला चाळीस-पंचेचाळीस युनिट. घरगुती दरानं पाचशेच्या आसपास. म्हणजे महिन्याला दोन हजार वाचले, वर्षाला चोवीस. ऑइल चेंज नाही, तेही वाचलं. सॉलिड ना? पण थांबा. वॉरंटी संपल्यावर बॅटरी गेली तर नवीन बॅटरी पन्नास हजारांच्या खाली सहसा मिळत नाही. दोन वर्षांची बचत एका बिलात खल्लास! म्हणून गाडी नाही, बॅटरी विकत घेतोय असं समजूनच शोरूममध्ये शिरायचं.

आता रेंजचा फंडा. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा असतो 'आयडीसी' रेंजचा. इंडियन ड्रायव्हिंग सायकल नावाची एक ठरलेली चाचणी आहे. तिच्यात गाडी प्रयोगशाळेत रोलरवर पळवतात आणि तिचा कमाल वेग असतो ताशी ४२ किलोमीटर. बायपासवर ४२ नं जाऊन दाखवा! मागचा टेम्पो हॉर्न वाजवून वेड लावेल. तुम्ही सत्तरनं जाणार, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाळीसला जेवढा असतो त्याच्या तिप्पट सत्तरला. त्यात चांदणी चौकाचा चढ, आणि जाताना नवले पुलाचा जो उतार मस्त वाटतो तो येताना चढ होऊन समोर उभा राहतो. थंडीत, पावसात, मागे मैत्रीण बसली तर... आकडा घसरतच जातो.

म्हणून मी सेल्समनला रेंज विचारतच नाही. बॅटरी किती किलोवॉट-अवरची, एवढंच विचारायचं. एक किलोवॉट-अवर म्हणजे महावितरणच्या बिलावरचं एक युनिट. त्याला ०.०३५ नं भागा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या बजाज चेतकच्या ३५ मालिकेचं उदाहरण घ्या. बॅटरी ३.५ युनिटची, दावा १५३ किलोमीटरचा. आपल्या हिशोबानं बायपासवर खरे शंभर. हे झालं नवीन असताना. चार-पाच वर्षांत बॅटरी वीस-पंचवीस टक्के थकणार, म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी. शेवटचे वीस टक्के वापरायचे नसतात, कारण चार्ज अगदी खाली आला की बऱ्याच गाड्या स्वतःहून पॉवर कमी करतात आणि ट्रकच्या मध्ये ताशी तीसनं सरपटायची वेळ येते. उरले साठ. मैत्रिणीचे पन्नास त्यात बसतात, येताना भाजी घ्यायला वळली तरी. हेच गणित २.२ युनिटच्या बॅटरीचं करा. नवीन असताना बासष्ट, पाचव्या वर्षी पन्नासच्याही खाली, आणि वीस टक्के सोडले तर चाळीसही नाहीत. म्हणजे स्वस्त मॉडेल घेतलं तर रोज ऑफिसात प्लग शोधायची नोकरी लागली. खरी रेंज रोजच्या अंतराच्या दुप्पट असली की झोप नीट लागते.

पेटण्याचं काय? भीती उगाच नाही. मार्च २०२२ मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली ई-स्कूटर पेटली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्या वर्षी देशात अशा बऱ्याच घटना झाल्या आणि सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस-१५६ नावाच्या मानकाचा सुधारित भाग डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाला. त्यात एक सेल तापला तर आग शेजारच्या सेलमधून पसरत जाते का, याचीही चाचणी आहे. म्हणून सेकंडहँड घ्यायची असेल तर आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघा, एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर मी तरी हात लावणार नाही. सेलमध्येही दोन प्रकार आहेत. एनएमसी हलका, कमी जागेत जास्त वीज साठवणारा. एलएफपी वजनाला जास्त, पण उष्णतेला दमदार आणि जास्त वेळा चार्ज होणारा. जुलै २०२५ मध्ये कायनेटिकनं जुन्या कायनेटिक होंडाची आठवण करून देणारी डीएक्स आणली, तिच्यात एलएफपी आहे, फक्त बॅटरी २.६ युनिटची. भागाकार तुम्हाला आता येतोच.

वॉरंटीच्या कागदावर तीन आकडे शोधायचे. वर्षं, किलोमीटर आणि बॅटरी किती टक्के शिल्लक राहण्याची हमी. सगळे वर्षं बघतात. आपण लांबच्या वाटेची माणसं, आपले किलोमीटर आधी संपतात! वर्षाला तेरा हजार चालवणाऱ्याची पन्नास हजार किलोमीटरची वॉरंटी चार वर्षांच्या आत उडते, मग कागदावर पाच लिहिलेली असोत की आठ. एथरनं डिसेंबर २०२४ मध्ये जादा पैसे भरून मिळणारी आठ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटर, ७० टक्के क्षमतेच्या हमीसह, अशी वॉरंटी आणली. आपल्या वापराला ती सहा वर्षं झाली. हा तिसरा आकडा, ७० टक्क्यांचा, कागदावर नसेल तर विचारा. 'बॅटरी चालू आहे ना मॅडम?' हे उत्तर वॉरंटीत बसत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. शोरूम बघू नका. शोरूममध्ये एसी असतो, कॉफी असते, गोड बोलणारा मुलगा असतो. शनिवारी सकाळी दहाला त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि अर्धा तास नुसते उभे राहा. बाहेर धूळ खात किती गाड्या पडल्यात ते मोजा. काउंटरवरचा आवाज किती चढलाय ते ऐका. ज्याचा ओडोमीटर वीस हजारांच्या पुढे गेलाय अशा माणसाला गाठा आणि तीनच गोष्टी विचारा. रस्त्यात कधी बंद पडली का, पार्टसाठी किती दिवस थांबलास, आणि पुन्हा हीच घेशील का. तिसऱ्या प्रश्नाच्या आधी तो किती सेकंद थांबतो त्यावरून सगळं कळतं. फूड डिलिव्हरीवाल्या पोरांना तर नक्की विचारा. ते दिवसाला आपल्या दुप्पट चालवतात आणि त्यांना कुठल्याही ब्रँडचं प्रेम नसतं.

हे एवढं ताणून सांगतेय, कारण खप आणि सर्व्हिस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात दहा हजारांहून जास्त तक्रारी आल्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं एका मोठ्या ई-स्कूटर कंपनीला नोटीस पाठवली होती. गाड्या धडाधड विकल्या जात होत्या, दुरुस्त करणारे हात पुरत नव्हते. पेट्रोलची गाडी गल्लीतला मेकॅनिक उघडतो. ई-स्कूटरचा कंट्रोलर गेला तर तो नुसता हात झटकतो. तेव्हा घराजवळ किंवा ऑफिसजवळ सर्व्हिस सेंटर नसेल तर कितीही भारी स्क्रीन असली तरी ती गाडी आपली नाही. गाणी, नकाशे, पार्टी मोड वगैरे पहिल्या आठवड्याचे लाड असतात.

पंक्चरचंही विचारून ठेवा. मोटर मागच्या चाकातच असेल, जशी टीव्हीएसच्या आयक्यूबमध्ये आहे, तर चेन-बेल्टची कटकट नाही. पण टायर कापला गेला तर चाक काढणं हे नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचं काम राहत नाही. एथरसारखी बेल्टवाली असेल तर चाक सोपं, पण बेल्ट कधीतरी बदलावा लागतो. काही मॉडेल्समध्ये मोठ्या बॅटरीशिवाय बारा व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. ती बसली की मोठी फुल्ल असूनही गाडी ढिम्म. स्वस्तातली गोष्ट आहे, पण कुठे असते आणि कोण बदलतं ते घेतानाच माहीत हवं.

पाऊस. आयपी६७ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर स्वच्छ, संथ पाण्यात अर्धा तास. हिंजवडीत जुलैमध्ये साचतं ते पाणी ना स्वच्छ, ना संथ. चाकाच्या धुरीपर्यंत पाणी असेल तर वळसा घ्या. गाडी बुडाली तर धुवून-पुसून चार्जिंगला लावू नका, आधी सर्व्हिस सेंटर. इन्शुरन्समध्ये झिरो डेप घ्या आणि बॅटरीत पाणी गेलं तर ते धरतात का, हे एजंटकडून लेखी घ्या.

चार्जिंगचं तर आपल्याकडे महाभारतच होतं. गाडीचा नव्हे, सोसायटीचा प्रॉब्लेम! केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या किंवा ऑफिसच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, नवीन जोडणी लागत नाही. तरी बुकिंगच्या आधी सेक्रेटरी काकांशी बोला. आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर, चांगलं अर्थिंग, वेगळा एमसीबी आणि झाकणवाला सोळा अँपिअरचा सॉकेट, एवढं काम ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड सोडणाऱ्यांनी पुढचं वाचायची गरज नाही! पार्किंगमध्ये काहीच जमत नसेल तर हीरोच्या विडासारखी बॅटरी काढून वर नेता येणारी गाडी बघा, फक्त आधी ती उचलून बघा. घरी आल्या आल्या लावू नका, बॅटरीला तासभर निवू द्या. फास्ट चार्जर अडीअडचणीला ठीक आहे, रोजचा नको.

एक सापळा मात्र टाळा. 'लायसन्स नको, रजिस्ट्रेशन नको' अशी पाटी लावलेल्या गाड्या २५० वॉटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या असतात. क्लासला जाणाऱ्या भावाला ठीक, बायपासला नाही. 'आम्ही स्पीड वाढवून देतो' म्हणणाऱ्या डीलरला नमस्कार करून निघा, कारण मग ती गाडी बेकायदा होते आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले हात वर करतात.

सबसिडीचं गणित डोक्यात ठेवून बसू नका. फेम-२ मार्च २०२४ ला संपली, ऑक्टोबर २०२४ ला पीएम ई-ड्राइव्ह आली, आणि तिच्यात दुचाकीला किलोवॉट-अवरमागे आधी पाच हजार, मग अडीच हजार मिळाले. सवलती अशाच येत-जात राहतात. बुकिंगच्या दिवशीचा ऑन-रोड भाव चार्जर आणि वॉरंटीसकट लिहून घ्या, दोन कंपन्यांचे कागद शेजारी ठेवा.

टेस्ट राइड शोरूमभोवतीच्या चकरेची नको. एक दिवसासाठी गाडी भाड्यानं मिळत असेल तर ती घ्या आणि सोमवारी ऑफिसला जा, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या बॅगेसकट. निघताना आणि पोचल्यावर चार्जचे टक्के लिहून ठेवा. आणि जुनी अॅक्टिव्हा लगेच विकू नका. एक्स्चेंजमध्ये चार-पाच हजार कमी आले तर येऊ देत, पण जून ते सप्टेंबर ती पार्किंगमध्ये असू दे. बाबाही खूश होतील.