‘आवरून झालं की वाच!’

‘सगळं आवरून झालं की मग वाच निवांत.’ आमच्या घरांत हे वाक्य कुणी रागाने म्हणत नाही. मायेने म्हणतात, म्हणून तर त्याला उत्तर देणं जड जातं. पण ज्यांनी आयुष्यभर घर चालवलं त्या आमच्या अम्मींना, खालांना विचारा, घर कधी आवरून झालंय का? संध्याकाळची भांडी पालथी घातली की सकाळच्या डब्याची भाजी निवडायची. म्हणजे या वाक्याचा सरळ अर्थ ‘वाचू नकोस’ असाच होतो. नुसता गोड बोलून सांगितलेला.

आम्ही उर्दू शाळेतल्या शिक्षिका. डी.एड., बी.एड. केलेल्या, नोकरी करणाऱ्या, समाज ज्यांच्याकडे बोट दाखवून ‘बघा, आपल्या मुली किती पुढे गेल्या’ म्हणतो त्या. फजरला उठायचं, डबे भरायचे, शाळा गाठायची. शिकवण्याच्या जोडीला पोषण आहाराचा हिशेब, मतदार याद्या, कसली तरी माहिती ‘आजच्या आज’ पाठवणं. घरी आल्यावर स्वतःच्या मुलांचा अभ्यास, पोळ्या, आल्यागेल्याचा चहा. पगार घरात येतो, त्याबद्दल तक्रार कुणाचीच नाही. आमच्या हातात पुस्तक दिसलं की मात्र घराला एकदम आमची आठवण येते.

गंमत अशी की याच घरांत सुईला परवानगी आहे. क्रोशाची सुई घेऊन बसलं तर कुणी हटकत नाही. उलट कौतुक होतं. कारण शेवटी हातात काहीतरी दिसतं. नमाजाची टोपी, बाळाचं टोपडं, टी.व्ही.वरचा रुमाल, उशीच्या अभ्र्यावरची वेलबुट्टी. पुस्तक संपवून उठलं तर दाखवायला काय? शिवाय विणताना कान मोकळा असतो. दूध उतू चाललंय, दारात कुणी आलंय, सासरे हाक मारताहेत, सगळं ऐकू येतं. वाचणाऱ्या बाईचा कान मात्र घरातून निघून गेलेला असतो. घराला तेच सहन होत नाही.

सुईचा आनंद तरी आमच्याकडे पूर्ण राहतो का? एक टोपी सुंदर झाली की ‘भाचीच्या बाळासाठी दोन, जावेच्या माहेरी चार’ असा हुकूम येतो. रमजान जवळ आला की विचारूच नका. मन रमवायला घेतलेलं काम आठवडाभरात बिनपगारी काम होऊन बसतं. नवा नमुना टाकून पाहावा, चुकला तर उसवावा, पुन्हा टाकावा, ही जी खरी मौज, ती ‘कधी देतेस?’ या प्रश्नापुढे मरते.

ही रीत आजची नाही. नजीर अहमदांची ‘मिरातुल उरूस’ १८६९ साली आली. त्यातली असगरी लिहायला-वाचायला शिकलेली, शिवणटिपणात हुशार, घरातच मुलींचा मकतब चालवणारी. दीडशे वर्षं आमच्या मुलींपुढे हीच असगरी ठेवली गेली. पण तिचं वाचणं कशासाठी? घराचा हिशेब चोख राहावा, नोकराने फसवू नये, संसार सावरावा यासाठी. तिने कधी निव्वळ मजेसाठी एखादी गोष्ट वाचली असती तर मौलवीसाहेबांनी तिला नायिका केलं असतं का, याची आम्हाला दाट शंका आहे. त्यानंतर १८९८ साली लाहोरात मुहम्मदी बेगम ‘तहजीब-ए-निस्वाँ’ संपादित करू लागल्या आणि घराघरांतल्या बायका तिच्यात लिहू लागल्या. मुंबईच्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. त्यांची तिथली रोजनिशी याच पत्रिकेत क्रमशः छापून आली. आमच्या पेशाची बाई, म्हणून अभिमान वाटतो. अर्थात त्यांच्या मागे पोळ्यांचा ढीग नव्हता, हेही लक्षात ठेवावं!

आणि सुईचं खरं मोल कुणी सांगितलं असेल तर इस्मत चुगताईंनी. ‘चौथी का जोडा’ मधली ती आई कापड कापण्यात इतकी तरबेज की सारा मोहल्ला तिच्याकडे धाव घेतो. मुलीच्या लग्नाचे कपडे ती शिवत राहते आणि शेवटी तिच्या हाताखाली येतं ते त्याच मुलीचं कफन. हुनर घराण्याचं नाव राखण्यापुरतं वापरलं की बाईच्या वाट्याला काय येतं, ते या एका गोष्टीत कळतं.

‘हे सगळं शिकलेल्या, खाऊन-पिऊन सुखी बायकांचं रडगाणं’, असं म्हणणारे निघतीलच. त्यांनी सोलापुरात विडीकाम चालणाऱ्या घरांत जाऊन बसावं. मांडीवर सूप, हातात कातर, भिजवलेली पानं, तंबाखू, दोरा. मजुरी हजारावर. बोटांचं ते कौशल्य कुठल्याही कशिद्यापेक्षा कमी नाही. पण त्या बाईला फावल्या वेळात काही विणायला सांगून बघा! तिची बोटं दिवसभर विकली गेलेली असतात. तिची मुलगी आमच्या वर्गात येते, घरी गेल्यावर आईला दोरा बांधू लागते आणि वाचनाच्या तासाला डुलक्या घेते. आम्ही तिला कुठल्या तोंडाने रागवावं? फुरसत हा श्रीमंतांचा शौक म्हणणाऱ्यांना गरिबाची फुरसत कुठे गेली, याचा हिशेब कधी मागावासा वाटत नाही.

हिशेबाचंच बोलायचं तर सरकारने तो मांडलाय. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या ८१ बायका रोज बिनमोल घरकाम करताना आढळल्या, पुरुष फक्त २६. जे करतात त्यांच्यापुरता वेळ पाहिला तर बाईची २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. मुलांचं, म्हाताऱ्यांचं बघणं यात धरलेलंच नाही. २०२४ च्या पाहणीत बाईची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटांची सुटका! पण पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं तेवढ्यात कमी करून घेतली, ८८ वर आणली. मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन या सगळ्यांतून जे वाचलं ते कोणाच्या खिशात गेलं?

‘मोबाइल बघायला बरा वेळ मिळतो!’ हा ठरलेला टोमणा. मिळतो, दोन-दोन मिनिटांचा. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधला, रिक्षातला. त्या तुकड्यांत मोबाइल बसतो, क्रोशाची एक ओळही बसते. कादंबरी बसत नाही. तिला सलग पाऊण तास लागतो आणि तोच आमच्या नावावर नाही. दुसरा सल्ला, ‘वाचायचंच तर दीनी किताबी वाचा.’ वाचतोच. पण त्यालाही शांत खोली लागतेच ना? पहिला हुकूम वाचण्याचा झाला, हे प्रत्येक जलशात आवर्जून सांगितलं जातं. सांगणारे घरी परतल्यावर आधी चहा मागतात.

आता थोडं आपल्या लेखक मंडळींना. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा सोलापुरात भरलं ते १९९० साली. तेव्हापासून मुस्लिम स्त्रीवर किती भाषणं झाली! तलाक, बुरखा, शिक्षण, प्रतिनिधित्व. सगळं गरजेचं, आमचा त्याला विरोध नाही. पण ‘हा अंक तुमच्या घरात कोण वाचतं आणि कधी?’ असं व्यासपीठावरून कुणी विचारल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. अंक टीपॉयवर असतो. घरधनी दुपारी तो चाळतात. आमच्या हाती येतो तो बहुधा रद्दी निवडताना.

शाळेचंही तेच. झाकीर हुसेन यांच्या समितीने वर्ध्याच्या नयी तालीमच्या आराखड्यात हातकामाला मधोमध बसवलं होतं. आज कार्यानुभवाचा तास गणिताच्या उजळणीला जातो आणि वह्यांत बाजारातून आणलेली फुलं चिकटतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला गोष्टींच्या पुस्तकांसकट ग्रंथालय सक्तीचं केलं. आमच्या पाहण्यातल्या अनेक शाळांत ते ग्रंथालय म्हणजे एक कपाट, आणि किल्ली साहेबांकडे. मोहल्ल्यातला दारुल-मुताला सकाळी आणि मगरिबनंतर उघडतो. नेमका आमचा चूल पेटायचा वेळ. बाकांवर पुरुष पेपर पसरून बसलेले.

दुपारी तीन ते पाच ही वेळ बायकांना द्या. एका कोपऱ्यात चटई टाका, लहान मुलं तिथे खेळतील. ज्यांना विणत-विणत ऐकायचंय त्यांना कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवील, आम्हीच दाखवू. शाळेच्या कपाटाची किल्ली आम्हा शिक्षिकांपैकी एकीकडे द्या. आणि त्या दोन तासांत घरी कुणी आलं तर चहा ज्याचा त्याने करावा. साखर कुठल्या डब्यात आहे, ते आम्ही चिठ्ठी लिहून ठेवू.