मोखाड्याला कोणता फिनलंड दाखवायचा?

१९३८ साली फिनलंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६५ बाळे पहिल्या वाढदिवसाआधीच दगावली. महाराष्ट्रात २०२० साली हा आकडा १६ होता. आज आपण ज्याला मागासलेपण म्हणतो, त्याहून कितीतरी वाईट दिवस फिनलंडने काढले आहेत, आणि तेही आपल्या आजोबांच्या हयातीत. तरीही इथल्या, फिनलंडमधल्या, आपल्या मराठी मंडळाच्या जूनमधल्या सहलीत शेगडीभोवती बसून गप्पा निघाल्या की आपण ठरलेल्या वळणावर येतो. 'इथे माणसेच किती? विभाजनाआधीच्या ठाणे जिल्ह्याच्या जेमतेम निम्मी. शिवाय पैसा आहे, शिस्त आहे. तुलनाच कशाला करायची?' मग विषय मुलांच्या शाळेकडे नाहीतर घराच्या कर्जाच्या व्याजाकडे वळतो.

मला तो वळवता येत नाही, कारण माझे लहानपण मोखाड्याशेजारच्या जव्हारला गेले. वडील तिथे शिक्षक होते. जव्हार म्हटले की हल्ली जयविलास राजवाडा, दाभोशाचा धबधबा आणि 'ठाण्याचे महाबळेश्वर' एवढेच पुढे येते. तिथे राहिलेल्या माणसाला मात्र आषाढ-श्रावण आठवतात. धो धो पाऊस, आवणी उरकण्याची घाई, आणि घरातली नागली-वरई संपत आलेली. बाळांचे मृत्यूही त्याच दिवसांत वाढतात. ताप, जुलाब, न्यूमोनिया ही कारणे कागदावर लिहिली जातात. त्यांच्या मागे उभी असलेली भूक कागदावर क्वचितच येते.

तुलना करायचीच तर आजच्या फिनलंडशी करू नका. १९३८ ते १९५२ या काळातल्या फिनलंडशी करा.

तो देश कसा होता? १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात इथली सुमारे आठ टक्के माणसे मेली होती. पाइनची साल दळून पिठात मिसळत आणि त्याची भाकरी खात. आमच्याकडे कडूकंद उकळून उकळून खायचे, तसलाच प्रकार. १९१७ ला स्वातंत्र्य, लगेच यादवी युद्ध, मग १९३९ पासून सोव्हिएत संघाशी दोनदा युद्ध. हरल्यावर कारेलियाचा मुलूख गेला आणि तिथून उठलेली चार लाखांवर माणसे उरलेल्या देशात वसवावी लागली. वर युद्धखंडणी, ती जहाजे आणि यंत्रे बनवून फेडायची. शेवटचा हप्ता गेला १९५२ मध्ये. त्याच उन्हाळ्यात लोकवर्गणी आणि कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून उभे केलेले पैसे घेऊन खाशाबा जाधव हेलसिंकीला आले आणि कुस्तीचे कांस्यपदक घेऊन गेले. खाशाबांनी पाहिलेल्या त्या हेलसिंकीत कॉफी अजून रेशनवर मिळत होती.

आता याच काळातले निर्णय पाहा. बालकांचे डॉक्टर आर्वो युल्प्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ मध्ये हेलसिंकीत पहिले माता-बाल तपासणी केंद्र सुरू केले. त्यालाच आपण सगळे 'नेउवोला' म्हणून ओळखतो. १९३८ मध्ये गरीब मातांसाठी बाळंतपणाची पेटी आली. १९४३ मध्ये शाळेत सर्व मुलांना फुकट जेवण द्यायचा कायदा झाला आणि १९४८ पासून तो सगळीकडे लागू झाला. सुरुवातीला या जेवणासाठी मुलांनीच रानातली फळे गोळा करून आणायची असत. आणि १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, प्रत्येक नगरपालिकेवर सुईण, परिचारिका आणि नेउवोला ठेवण्याची सक्ती झाली. श्रीमंती आली म्हणून हे केले, असे म्हणायला जागाच नाही. खजिना रिकामा होता तेव्हाच केले.

त्या पेटीचे कौतुक जगभर होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती आली आहे आणि बाळ तिच्यात झोपल्याचे फोटोही आहेत. पण खरी हुशारी पेटीत नव्हती, अटीत होती. १९४९ पासून ती सर्व मातांना मिळू लागली, पण चौथा महिना संपायच्या आत तपासणीला गेलेल्या बाईलाच. कपड्यांच्या निमित्ताने बाई दवाखान्याच्या दारात आली आणि एकदा आली की वहीत नोंदली गेली. कुटुंब गाव सोडून दुसरीकडे गेले तर नवे नेउवोला तिची वाट पाहत असे. आज इथला बालमृत्यूचा आकडा हजारी दोनच्या आसपास आहे.

महाराष्ट्रात योजना नाहीत, असे कोणी म्हणू नये. रोजगार हमीचा कायदा आपण देशाच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये केला. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर मुले दगावल्याच्या बातम्यांनी सरकार हादरले. मुख्यमंत्री तिथे गेले, त्यांच्या मागोमाग अधिकारीही गेले. त्यानंतर समित्या झाल्या, पोषण मिशन झाले, २०१५ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम, चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली. ही योजना मनापासून चांगली आहे. तरी २०१६ मध्ये शेजारचा मोखाडा तालुका कुपोषणाने गेलेल्या मुलांसाठीच पहिल्या पानावर आला.

असे का होते? दिवाळीनंतर मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर जा. घरांना कुलपे, नाहीतर नुसत्या काट्या लावलेल्या. मागे राहिलेली म्हातारी माणसे आणि एकदोन शेळ्या. बाकी सगळे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर. मुकादमाकडून पावसाळ्यातच खर्ची घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको आणि पोरे मिळून जातात. अमृत आहाराचे जेवण पाड्यावरच्या अंगणवाडीत शिजते आणि ज्या बाईसाठी ते शिजायचे ती सत्तर-ऐंशी किलोमीटरवर चिखल तुडवत असते. तिच्या बाळाचे वजन नोव्हेंबरात शेवटचे झालेले. पुढचे होते जूनमध्ये, तोवर ते 'तीव्र कुपोषित'च्या रकान्यात गेलेले असते. मग सेविकेला जाब विचारतात. जणू तिनेच त्याला उपाशी ठेवले.

पाड्यावरची सेविका आणि आशाताई यांच्याइतकी पायपीट फिनलंडच्या कुठल्याही परिचारिकेला करावी लागत नाही. हे मी बेधडक लिहितो. कष्ट आहेत, योजना आहेत, आकडेही भरले जातात. फक्त सेवा गावाला बांधलेली आहे आणि माणूस सहा महिने गावात नाही. इथली सेवा बाईच्या मागे जाते, तिथली तिच्या रिकाम्या घरी थांबते. महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये स्थलांतरितांचा मागोवा घेणारी प्रणाली आणली, तेव्हा सरकारलाही हे उमगले असे दिसते. पण भट्टीवरच्या बाळापर्यंत जेवण आणि वजनकाटा पोचला की नाही, यावरच तिची परीक्षा व्हायला हवी. नोंदी किती झाल्या, यावर नको.

आता पाण्याकडे येतो, कारण 'पैसा नाही, निसर्ग प्रतिकूल आहे' हे उत्तर इथे पार उघडे पडते. हेलसिंकीत वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे ६५० मिलिमीटर पडते. जव्हार-मोखाड्यात एका पावसाळ्यात २५०० मिलिमीटरच्या वर. तरी फेब्रुवारी-मार्च आला की विहिरी तळ गाठतात आणि बाया ओढ्याच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीने हंडा भरतात. खाली काळा कातळ, वर उतार. पाणी पडते आणि वाहून जाते. टँकर सुरू होतात, तेही रस्ता असलेल्या पाड्यांपुरतेच.

ते वाहून गेलेले पाणी वैतरणेतून जाते. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून ते मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी पुरवते. आता शाळकरी गणित करा. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार होती. जलजीवन मिशनचे माणशी प्रमाण दिवसाला ५५ लिटर आहे. गुणाकार येतो साडेचार दशलक्ष लिटरच्या थोडा वर. धरणातून मुंबईला जाणाऱ्या पाण्याचा शंभरावा हिस्सा! लोकसंख्या आज लाखावर गेली असे धरले, तरी हिस्सा सव्वा टक्क्याच्या आसपासच राहतो.

हेलसिंकीही पाणी दुरूनच आणते. पाय्यन्ने सरोवरातून कातळात खोदलेला १२० किलोमीटरचा बोगदा १९८२ मध्ये पुरा झाला. राजधानी परिसरातल्या दहा लाखांवर माणसांची, म्हणजे आपलीही, तहान त्यावर भागते. शहराने दूरचे पाणी घ्यावे यात गैर काहीच नाही. मुंबईनेही घ्यावे. पण पाय्यन्नेच्या काठावरच्या कुठल्याही गावात बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन फिरत नाही. 'धरण दरीत आहे आणि पाडे डोंगरावर, पाणी वर चढवायला खर्च येतो', असे अभियंते सांगतात. खरे आहे. पण जे पाणी शंभर किलोमीटर दूर नेता येते, ते दोन-तीनशे मीटर वर चढवणे हा वीजबिलाचा प्रश्न आहे. हे बिल कोणी भरायचे हे ठरवायचे आहे, आणि माझ्या मते ते पाणी पिणाऱ्या शहराने भरावे. लिटरमागे पैशाच्या अंशानेसुद्धा मुंबईकराच्या खिशाला जाणवणार नाही.

रस्त्याचेही तसेच. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या दिवसांत, मोखाड्यातल्या बोटोशी गावच्या मर्कटवाडीत एका बाईला वेळेआधी जुळी झाली. दोन्ही बाळे दगावली. रक्तस्राव होणाऱ्या त्या आईला नातलगांनी डोली करून तीनेक किलोमीटर निसरड्या उतारावरून नेले, कारण पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. इथे लॅपलंडच्या टोकाला उत्सयोकीत राहणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी रोवानिएमीचे रुग्णालय गाठायचे तर सुमारे साडेचारशे किलोमीटर जावे लागते. त्याबद्दल इथेही तक्रारी आहेत, वाटेत गाडीत बाळंतपणे होतात. पण जानेवारीच्या बर्फातही तो रस्ता मोकळा केलेला असतो. साडेचारशे किलोमीटर पार होतात आणि तीन किलोमीटर जीव घेतात, तिथे भूगोलाला दोष देण्यात अर्थ नाही.

फिनलंडचा पोवाडा गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. याच लॅपलंडच्या सामी लोकांच्या मुलांना घरापासून दूर वसतिगृहांत ठेवून त्यांची भाषा तोंडातून पुसली गेली. त्याचा हिशेब मांडायला सत्य आणि समेट आयोग नेमायला २०२१ साल उजाडले. वारली, कोकणा, कातकरी मुलांना आश्रमशाळेत धाडताना आपणही हे लक्षात ठेवावे. सर्वांना सेवा देणे आणि सर्वांना एकाच साच्यात घालणे यांतला फरक फिनलंडलाही उशिराच कळला.

जव्हारची नगरपालिका १९१८ ची आहे, संस्थानच्या काळातली. म्हणजे स्वतंत्र फिनलंडच्या जवळपास वयाची. या गावाला कारभार शिकवायची गरज नाही. पतंगशहा रुग्णालय तिथे आहे, माणसे आहेत. कमी आहे ती त्या ठाम कायदेशीर सक्तीची, जी १९४४ मध्ये एका हरत चाललेल्या देशाने आपल्या नगरपालिकांवर घातली: प्रत्येक आई, प्रत्येक बाळ, कुठेही असो.

आता मंडळापुरते. दरवर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात आपण 'आदिवासी भागासाठी' निधी गोळा करतो. त्यातून ब्लँकेटे जातात, वह्या जातात, फोटो परत येतात. यंदा त्या पैशांतून भिवंडी-वसई पट्ट्यातल्या वीटभट्टीवर नोव्हेंबर ते मे चालणारे पाळणाघर उभे करावे, असा माझा प्रस्ताव आहे. एक शिकलेली ताई, एक वजनकाटा, दोन वेळचे जेवण, आणि बाळाची नोंद त्याच्या पाड्यावरच्या अंगणवाडीला कळवणारा एक फोन. ज्या संस्थेला पैसे द्यायचे तिला एकच विचारायचे: मार्चमध्ये ही मुले कुठे असतात आणि तुम्ही तेव्हा कुठे असता? आपल्यापैकी ज्यांचे मतदान अजून मुंबई-ठाण्यात आहे, त्यांनी आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला मध्य वैतरणेच्या त्या एका टक्क्याबद्दल पत्र लिहावे. मसुदा मी तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत मागून घ्यावा.