शांघायच्या कामगाराच्या हाती काय आलं?

कम्युनिस्ट क्रांतीनंतर शांघायमधल्या परदेशी कंपन्यांचं काय झालं, हा विषय निघाला की आपल्याकडचे डावे मित्र एकच वाक्य तोंडावर फेकतात : लुटारूंनाच लुटलं, मग न्यायच झाला. यातलं पहिलं अर्धं मला मान्य आहे. जार्डिन मॅथेसन ही ब्रिटिश कंपनी अफूवर मोठी झाली. ससून घराण्याची श्रीमंती तर आपल्या मुंबईतून वाढली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्यात ससूनांचा वाटा मोठा होता. पुण्याच्या ससून रुग्णालयाला देणगी देणारं घराणं तेच. शांघाय परदेशी व्यापाऱ्यांना खुलं झालं ते १८४२ च्या नानकिंग तहाने, म्हणजे ब्रिटिश तोफांच्या धाकाने. अशा कंपन्यांसाठी माझ्या डोळ्यांत टिपूसही नाही.

पण न्याय? मे १९४९ मध्ये कम्युनिस्टांनी शांघाय घेतलं, तेव्हा बहुतेक ब्रिटिश कंपन्या त्यांनी सरळ जप्त केल्या नाहीत. जप्तीची घोषणा केली की भरपाईचा प्रश्न येतो. त्यापेक्षा कंपनी चालू ठेवून पिळणं सोयीचं. कर भरा, पगार द्या, एकाही कामगाराला परवानगीशिवाय काढू नका. धंदा बसला, तिजोरी आटली, तर लंडन-हाँगकाँगहून पैसे मागवा. व्यवस्थापकाला देश सोडायचा तर परवाना हवा. त्यासाठी आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, म्हणजे ज्याचं देणं असेल त्याने हरकत घ्यावी. कंपनीची देणी थकलेली असली की परवाना अडकलाच. भागधारक लंडनमध्ये सुखरूप आणि त्यांचा पगारी नोकर शांघायमध्ये ओलीस! माणसाला ओलीस धरून वसुली करणाऱ्याला आपण एरवी जे म्हणतो, तेच मी या सरकारला म्हणतो.

१९५२ मध्ये ब्रिटिश कंपन्यांनी हात टेकले. सगळी मालमत्ता सोडा आणि सगळ्या देण्यांतून मोकळे व्हा, असा सौदा एकेकीशी झाला. अमेरिकी कंपन्यांची गत त्याआधीच लागली होती. कोरियन युद्ध पेटलं, अमेरिकेने चिनी ठेवी गोठवल्या आणि डिसेंबर १९५० मध्ये चीनने त्यांच्या मालमत्तेवर ताबा घेतला.

आता या न्यायाचा लाभ कोणाला झाला ते बघा. हाँगकाँग अँड शांघाय बँकेची, शांघायच्या नदीकाठच्या ‘बंड’ रस्त्यावरची १९२३ ची घुमटाची इमारत १९५५ मध्ये सरकारकडे गेली आणि तिथे नगर सरकारचे अधिकारी बसले. ससून घराण्यातला व्हिक्टर १९६१ मध्ये बहामात वारला, कंगाल होऊन नव्हे. १९७९ मध्ये बीजिंगने अमेरिकी दावेदारांशी तडजोड केली : १९.६९ कोटी डॉलरच्या मान्य दाव्यांपोटी ८.०५ कोटी, डॉलरमागे ४१ सेंट. कमी का होईना, मालकाला मिळाले. अफूने ज्यांची घरं बसली, त्यांना ना मालकांनी एक छदाम दिला, ना त्यांच्या नावाने आलेल्या सरकारने तो मिळवून दिला. पुढे जार्डिनही परतली, स्वायर ही दुसरी ब्रिटिश कंपनीही परतली; बँकेने तर शांघायमधली शाखा क्रांतीनंतरही बंद केली नव्हती.

आणि कामगार? शांघायचा कामगार कुणाच्या उपकारावर जगणारा नव्हता. मे १९२५ मध्ये जपानी गिरणीत एका कामगाराला गोळी घालून मारलं. त्याच्या निषेधासाठी ३० मेला नानकिंग रोडवर जमलेल्या लोकांवर ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमाने गोळीबार झाला. दुसऱ्याच आठवड्यात लाखाहून अधिक कामगार संपावर होते. परदेशी मालकाच्या, परदेशी पोलिसांच्या नाकावर टिच्चून ते संप करत होते. संप हेच त्यांचं हत्यार होतं, आणि ते त्यांनी स्वतः घडवलं होतं.

क्रांतीनंतर पक्षाच्या छत्राबाहेरची कामगार संघटना उरली नाही. संपाचा हक्क १९७५ च्या राज्यघटनेत लिहिला गेला. १९८२ मध्ये परदेशी भांडवलाला दारं उघडत असताना तो राज्यघटनेतून काढून टाकला. आजही तो तिथे नाही.