पंखा का फिरत नाही?

शेतावर किंवा डोंगरवाटेने चालणारे, रेडिएटर असलेले एटीव्ही सावकाश चढताना तापते आणि वेगाने धावताना निवते, तर संशय प्रथम पंख्यावर घ्यावा. वेगात समोरचा वारा रेडिएटर थंड करतो. वेग मंदावला की ते काम पंख्यालाच करावे लागते.

तपासणी क्रमाने व्हावी. इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील दाबाने उकळते पाणी उसळून अंग भाजते. नंतर कूलंटची पातळी पाहावी, रेडिएटरच्या जाळीतील चिखल धुवावा, फ्यूज तपासावा. मग पंख्याची जोडणी सोडवून, हात पात्यांपासून दूर ठेवून, त्यास १२ व्होल्टच्या बॅटरीतून फ्यूज लावलेल्या तारेने थेट प्रवाह द्यावा. पंखा फिरला नाही, तर मोटार निकामी. फिरला, तर दोष तापमानाचा स्विच, रिले वा तारांत शोधावा.

ताळेबंद जुळला नाही म्हणून व्यापारी सारी वही नव्याने लिहीत नाही. एकेक नोंद ताडून पाहतो. येथेही तोच विवेक हवा. तापलेले वाहन तसेच दामटले, तर सिलिंडरचे हेड वाकते, गॅस्केट जाते आणि पंख्याचा किरकोळ खर्च इंजिनाच्या दुरुस्तीपर्यंत पोहोचतो.