'गॅस संपला' म्हणण्यापूर्वी

नवतपा लागला की मुर्रीच काय, अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. नेमकी याच दिवसांत घरोघरी तक्रार ऐकू येते की फ्रीज चालतो, पण पाणी गार होत नाही. मेकॅनिक येतो, दार उघडून पाहतो आणि म्हणतो, "गॅस संपला." घरच्यांना ते पटतेही, कारण स्वयंपाकाचा सिलिंडर संपतो हे सर्वांना ठाऊक असते. मग मजुरीवर किंवा तुटपुंज्या पगारावर चालणाऱ्या घराच्या महिन्याच्या हिशेबाला मोठा खड्डा पडतो.

म्हणून एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. फ्रीजमधला गॅस जळत नाही, त्यामुळे तो वापराने संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत असतो. आतली उष्णता उचलायची आणि बाहेरच्या जाळीतून टाकून द्यायची, एवढेच त्याचे काम. तो कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी छिद्र आहे. ते छिद्र न बुजवता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणारच.

मेकॅनिकला निरोप धाडण्यापूर्वी काही तपासण्या घरच्या घरी करता येतात. पहिली विजेची. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर, पंपे एकदम सुरू होतात आणि दाब उतरतो. अशा वेळी कॉम्प्रेसर घुं घुं करतो, थोड्या वेळाने 'टक्' आवाज होऊन बंद पडतो. आतला दिवा मात्र लागलेला असतो. स्टॅबिलायझरचा काटा पाहावा. रात्री उशिरा दाब वाढल्यावर फ्रीज नीट चालत असेल, तर दोष फ्रीजचा नव्हे.

दुसरी जागेची. मागची जाळी भिंतीला चिकटलेली नसावी. चार-सहा इंच जागा सोडावी. प्लग काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. बऱ्याच नव्या फ्रीजना मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. म्हणूनच त्या बाजू गरम लागतात. त्यांना तांदळाचे पोते किंवा कपाट टेकवून ठेवले तर उष्णता जाणार कुठे?

तिसरी दाराच्या रबराची. दारात कागदाचा तुकडा धरून दार लावावे आणि कागद ओढावा. सहज निघाला तर त्या ठिकाणी रबर बसत नाही. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसावे. कडक झाले वा फाटले असेल तर बदलावे.

चौथी बर्फाची. कूलरची दमट हवा दर वेळी दार उघडताच आत शिरते आणि एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर चढतो. थर जाड झाला की गारवा खाली पोचत नाही. पाव इंचाच्या आतच फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरी किंवा उलथन्याने तो कधीही खरवडू नये. तिथली नळी ॲल्युमिनियमची असते. एक टोचा बसला की गॅस खरोखरच जातो.

दोन दारांच्या, बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये वरचा कप्पा गार आणि खालचा कोमट राहत असेल, तर हवेचे भोक भांड्याने अडले आहे का ते पाहावे. अडलेले नसेल तर सामान काढून, दार उघडे ठेवून एक दिवस फ्रीज बंद ठेवावा. नंतर काही दिवस नीट चालून पुन्हा तीच तक्रार आली, तर आतला बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडली असण्याचा संभव मोठा.

एवढे करूनही गुण आला नाही तर कान आणि हात वापरावा. दाब पुरेसा असूनही कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट किंवा खुद्द कॉम्प्रेसर आधी तपासावा लागतो. गॅसचा प्रश्न नंतरचा. कॉम्प्रेसर अखंड चालतो, जाळी जेमतेम कोमट असते आणि फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो, तेव्हा गॅस गळल्याचा संशय रास्त ठरतो.

गॅस भरायचाच असेल तर छिद्र शोधून बुजवले का, फिल्टर बदलला का, नळ्यांतली हवा पंपाने काढली का, हे विचारावे. मागच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. भारतात जुन्या आर-१२ वायूचे उत्पादन २००८ साली थांबले. आजच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए असतो आणि तो पेट घेणारा आहे. त्याचे काम जाणकारानेच, मोकळ्या हवेत करावे.

घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर ही बाब केवळ गार पाण्याची राहत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि ते गोठूही द्यायचे नसते. फ्रीज बंद पडल्यास कुपी घट्ट डबीत घालून मातीच्या माठात ठेवावी आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे. माठाचा गारवा तात्पुरता आधार आहे, फ्रीजची बरोबरी नाही.

शेवटी हिशेबाचे. कारकुनी करणाऱ्याची नजर आधी पावतीवर जाते. नुसते 'रिपेअरिंग' लिहिलेली पावती घेऊ नये. कोणता भाग बदलला, गॅस किती भरला, मजुरी किती, हमी किती दिवसांची, हे लिहून घ्यावे आणि जुना भाग परत मागावा. हमीपत्रही काढून पाहावे. अनेक कंपन्या कॉम्प्रेसरवर १० वर्षांची हमी देतात, पण गॅस व मजुरी बहुधा त्यात नसते. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि गोंदियाला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. तिथे तोंडी गाऱ्हाणे चालत नाही, कागद लागतो. म्हणून पावती घेतल्याशिवाय पैसे हातावर ठेवू नयेत.